चिनी बनावटीची गाडी जपानी, कोरियन आणि देशी गाड्यांसमोर खरंच टिकते का?

कोलशेतकर

मंडळी, घरातली जुनी होंडा सिटी आता बदलायला झाली आहे. रोजचा रस्ता कोलशेत ते महापे. म्हणजे कापूरबावडी-माजिवड्याची कोंडी, कळवा पूल आणि मग ठाणे-बेलापूर रोड. गणपतीला आणि मे महिन्यात चिपळूण. सोसायटीच्या कमिटीने पार्किंगमध्ये चार्जर बसवायला परवानगी दिली आहे, तेव्हा इलेक्ट्रिकच घ्यायची हे ठरलंय. बजेट ओढूनताणून वीस लाख.

घरात मात्र एकमत होत नाही. बायकोने एमजी विंडसर चालवून बघितली आणि मागची ऐसपैस जागा बघून तिला दुसरं काही नकोच झालंय. वडील ठाम आहेत: "जपानी नाही तर निदान कोरियन घे. चिनी माल दिवाळीच्या माळेसारखा, पुढच्या वर्षी लागेलच असं नाही." मेव्हणा टाटा-महिंद्राच्या बाजूने.

शोरूममधलं आणि यूट्यूबवरचं ऐकून झालंय. मला गाडी दहा वर्षं ठेवायची आहे. चार-पाच पावसाळे गेल्यावर खालचा पत्रा, सस्पेन्शन, स्क्रीन, बॅटरी कशी राहते? पार्ट मिळतात का? आणि "चिनी म्हणजे तकलादू" ही समजूत आजही खरी आहे का? ज्यांनी वापरलंय, दुरुस्त केलंय किंवा या धंद्यात आहेत, त्यांनी कृपया लिहा.

खाडीपूल

आधी कोण कुठलं ते स्पष्ट करू, कारण यात भलताच गोंधळ आहे.

बीवायडी सरळसरळ चिनी. १९९५ मध्ये शेनझेनला बॅटरी बनवायला सुरुवात केली, २००३ मध्ये गाड्यांत उतरली. एमजीचा बिल्ला ब्रिटिश आणि १९२४चा, पण एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली, नानजिंग ऑटोमोबाइलने ती घेतली, आणि पुढे नानजिंगच शांघायच्या एसएआयसीत गेली. आपल्याकडे २०१९ मध्ये आलेली हेक्टर म्हणजे तिकडची बाओजुन ५३०. कॉमेट आणि विंडसर मुळात वुलिंग या चिनी कंपनीच्या गाड्या. त्या बनतात गुजरातेत हलोलला, जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात, आणि आता त्या कंपनीत जेएसडब्ल्यूचा ३५ टक्के हिस्सा आहे.

व्होल्वो स्वीडिश म्हणून अभिमानाने घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, २०१० पासून मालक चीनची गीली आहे. उलट विनफास्टला बरेच जण चिनी समजतात, ती व्हिएतनामची.

गडवाट

मी घेणार नाही. दर्जाचा प्रश्नच नाही. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे. वीस लाख म्हणजे आयुष्यातला दुसरा सगळ्यात मोठा खर्च, त्यातला नफा शांघायला जावा असं मला वाटत नाही. देशी पर्याय नसता तर गोष्ट वेगळी होती. आता तो आहे आणि चांगला आहे.

सेलबॅलन्स

गडवाट, तुमच्या भावनेबद्दल पूर्ण आदर आहे. मी महाप्यात बॅटरी पॅकच्या कामात आहे, म्हणून एक वस्तुस्थिती मांडतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि तिचा जीव सेलमध्ये. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये बीवायडीचे ब्लेड सेल आहेत. मारुतीच्या ई-विटारातही बीवायडीच्या समूहातलीच बॅटरी आहे, आणि ती गाडी गुजरातेत हंसलपूरला बनून जपान-युरोपात जाते. टाटांनी नेक्सॉन ईव्हीसाठी सेल घेतले तेही चीनच्या गोशनकडून. बॅटरी सोडा, मोटरमधल्या चुंबकाचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या कंपन्यांची उत्पादनाची गणितं कोलमडली. म्हणजे देशी इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी तिचं काळीज बहुतेक वेळा तिकडूनच आलेलं असतं. गाडीची रचना, पत्रा, सॉफ्टवेअर, जोडणी आणि नफा मात्र इथला, आणि तो फरक छोटा नाही, हे मी मान्य करतो.

आता दर्जा. या चिनी सेलमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी रसायन असतं. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा ते वजनाला जास्त आणि तेवढ्याच किलोत वीज कमी साठवतं, पण तापून अनियंत्रित होण्याचं त्याचं तापमान बरंच वरचं असतं आणि ते जास्त चार्ज-डिस्चार्ज सोसतं. आपल्या उन्हाळ्याला आणि दहा वर्षांच्या हिशेबाला तेच योग्य. बीवायडीने २०२० मध्ये ब्लेड आणला तेव्हा लांब, पातळ सेल मधल्या खोक्यांशिवाय थेट पॅकमध्ये रचले, म्हणजे जागा वाचली आणि एलएफपीचा तोटा बराच भरून निघाला. सेलमधून खिळा आरपार मारूनही आग लागत नाही हे दाखवायची चाचणी तेव्हाची.

उलट उदाहरण कोरियाचं आहे. ह्युंदाईने २०२१ मध्ये आगीच्या धोक्यामुळे जगभरातून सुमारे ८२ हजार गाड्या बॅटरी बदलायला परत बोलावल्या, त्यात बहुतेक कोना. सेल कोरियाच्या एलजीचे, बनले होते एलजीच्याच नानजिंगच्या कारखान्यात. आता याचा दोष कोणत्या देशावर टाकायचा? मला विचाराल तर देशाचं नाव बघून सेलचा दर्जा कळत नाही. कुठला कारखाना, किती कडक तपासणी आणि पॅक कोणी बांधला, यावरून कळतो.

एक व्यवहारातली गोष्ट. एलएफपीचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो, त्यामुळे नेहमी ८० टक्क्यांवर थांबवलं तर गाडीला खरा चार्ज किती उरलाय हे नीट ओळखता येत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं अधूनमधून सावकाश १०० टक्के करायचंच. "रेंज अचानक पडली" म्हणून येणाऱ्या गाड्यांत सेल खराब नसतात, नुसते सेल एका पातळीला आलेले नसतात, असं मी पुष्कळदा पाहिलंय. तक्रार आली की सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक छापून मागा. दर सर्व्हिसला तो कागद ठेवलात की वॉरंटीचा वाद उभा राहिला तर हातात पुरावा असतो.

नौपाड्याचे काका

सेलबॅलन्स, उत्तम लिहिलंत. मी थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण आज चिनी गाड्यांबद्दल जे बोललं जातं ते शब्दशः मी जपानी आणि कोरियन गाड्यांबद्दल ऐकलंय.

पन्नासच्या दशकात जपानी माल म्हणजे स्वस्त आणि कचकड्याचा. टोयोटाने १९५८ मध्ये टोयोपेट क्राउन अमेरिकेत विकायला काढली, ती तिथल्या हायवेवर दमायची, दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. ह्युंदाईची एक्सेल १९८६ मध्ये अमेरिकेत गेली, पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर खपली आणि मग मोडकळीची गाडी म्हणून बदनाम झाली. त्यातून वर यायला कंपनीने १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. त्याच वर्षी आपल्याकडे सँट्रो आली. ठाण्यात तेव्हा लोक म्हणायचे, मारुती सोडून या उंच डब्यात कोण बसणार? पुढे दर तिसऱ्या बिल्डिंगखाली ती दिसायला लागली.

चिनी गाड्यांची नाचक्की तर खरीच होती, कोणी रचलेली नव्हती. २००५ मध्ये जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबने लँडविंड नावाची चिनी एसयूव्ही आपटली तेव्हा ड्रायव्हर वाचणं अशक्य असा निकाल आला. २००७ मध्ये ब्रिलियन्सच्या सेडानची गत जवळपास तीच. आणि त्याच देशातल्या बीवायडी ॲटो ३ ला २०२२ मध्ये आणि सीलला २०२३ मध्ये युरो एनकॅपचे, म्हणजे युरोपातल्या अपघात-सुरक्षा चाचणीचे, पाच तारे. पंधरा-सतरा वर्षांत हा पल्ला गाठला. २०२३ मध्ये चीनने जपानला मागे टाकलं आणि जगातला सगळ्यात मोठा वाहन निर्यातदार झाला.

जपानी म्हणजे सोवळं, हेही सोडून द्या. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमुळे जगभर माणसं दगावली. टोयोटाच्या घरातल्या डायहात्सूने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं हेराफेरी केल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं आणि जपानमधले तिचे सगळे कारखाने थांबवावे लागले.

पण कोलशेतकर, तुमच्या वडिलांचा अनुभव वाया घालवू नका. त्यांनी देवू पाहिलेली असणार. सिएलो आणि मॅटिझ गाड्या म्हणून वाईट नव्हत्या. कोरियात देवू समूह १९९९ मध्ये कोसळला, इथला कारखाना पुढे बंद पडला आणि मालक पार्टसाठी वणवण फिरले. गाडी चांगली असणं आणि कंपनी दहा वर्षं उभी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला चिनी गाड्यांबद्दल आज फक्त दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते.

पामबीच

काकांच्या शेवटच्या वाक्याला माझ्या अनुभवाची जोड. आमच्याकडे चिनी मुळाची इलेक्ट्रिक आहे, ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. नेरुळहून फोर्टला अटल सेतूवरून जाते, इलेक्ट्रिक गाड्यांना तिथला टोल ऑगस्ट २०२५ पासून माफ झाला तेव्हापासून तर रोजच. गाडीवर माझी काही तक्रार नाही. दाराचा आवाज, सीटचं शिवणकाम, एसी, सगळं पूर्वीच्या आमच्या जपानी सेडानपेक्षा चांगलं वाटतं. बॅटरी जवळपास पहिल्यासारखीच आहे.

सानपाड्याच्या सिग्नलला मागून टेम्पोने ठोकलं आणि तिथून त्रास सुरू झाला. बंपर आला, पण बंपरमधला रडार सेन्सर येईना. सर्व्हिस सेंटर दर आठवड्याला "पोर्टवर आहे" सांगायचं. आम्ही गाडी डॅशबोर्डवर पिवळी सूचना घेऊन चालवत राहिलो, मागून येणाऱ्या गाडीचा इशारा बंद. पार्ट शेवटी आला आणि विम्यातून बसलाही. तरी अशी वाट मारुतीच्या किंवा ह्युंदाईच्या माणसाला बघावी लागत नाही, हे खरं.

विमावाली

वाशीत सर्व्हेचं काम करते. पामबीच ताई म्हणतात ते सगळ्याच नव्या ब्रँडच्या बाबतीत दिसतं, फक्त चिनीच नाही. इथे बनणारे पार्ट लवकर येतात: पत्रा, काच, बंपर, दिवे. जे आयात होतं ते लटकतं: रडार, कंट्रोल युनिट, मोठी स्क्रीन, बॅटरीचा खालचा ट्रे.

त्या ट्रेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या रस्त्यांवर तोच मार खातो. शिळफाट्याच्या बाजूला किंवा घोडबंदरला पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात, मध्येच न दिसणारा दुभाजकाचा दगड. गाडी खालून घासते. पेट्रोल गाडीत चेंबर फुटेल, फार तर तेवढाच खर्च. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीच्या ॲल्युमिनियमच्या तळाला पोचा आला की प्रश्न उभा राहतो: तळ बदलायचा की अख्खा पॅक? काही कंपन्या पॅक उघडून मॉड्यूल आणि तळ बदलतात, काही सुरक्षिततेचं कारण देऊन पूर्ण पॅकचंच अंदाजपत्रक देतात. मग तो आकडा गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, इतका जवळ जातो की टोटल लॉसची, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे धरायची, भाषा सुरू होते. गाडी घेण्याआधी सर्व्हिस मॅनेजरला एवढंच विचारा: "खालून पोचा आला तर तुमच्या कंपनीचं धोरण काय, आणि पॅक उघडणारा माणूस ठाणे-मुंबईत आहे की बाहेरून येतो?" उत्तर लेखी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

विम्यात झिरो डेप (पार्टची घसारा-कपात न होणारं कव्हर) आणि बॅटरीचं वेगळं संरक्षण दोन्ही घ्या.

गॅरेज_कळवा

मी मिस्त्री माणूस, चोवीस तास गाडीच्या खाली असतो, तेवढंच लिहितो.

पत्रा आणि रंग: चिनी मुळाच्या गाड्यांचा तळ मी बारकाईने बघितलाय. वेल्डच्या कडांना सीलर सलग आहे, चाकाच्या वरचं आतलं लायनर जाड आहे, वायरिंगचे कप्लर रबरी गॅसकेटवाले आहेत. खाडीच्या हवेत उघड्या राहणाऱ्या गाडीला मी आधी सायलेंसरचे क्लॅम्प आणि सबफ्रेमचे बोल्ट बघतो, गंज तिथून धरतो. इलेक्ट्रिकला सायलेंसर नाही, पण सबफ्रेम आहे. त्यात मला कोरियन गाड्यांपेक्षा काही वेगळं दिसलं नाही. जपानी गाड्यांचा पत्रा लोक समजतात तितका जाड कधीच नव्हता. टिकाऊपणा होता तो इंजिनात.

सस्पेन्शन: इलेक्ट्रिक गाडी वजनदार. लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश लवकर बोलायला लागतात, मग गाडी देशी असो की परदेशी. गायमुखच्या उतारावर रोज जाणाऱ्यांनी टायरकडेही लक्ष ठेवावं, ते पेट्रोल गाडीपेक्षा आधी झिजतात.

खरा फरक असा. मारुती, ह्युंदाई, टाटाचा बुश मला ठाण्यातच मिळतो, जुना पार्ट हवा तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. नव्या ब्रँडचं मला काहीच मिळत नाही. स्कॅनर लावला तर अर्ध्या कंट्रोल युनिटला कुलूप. म्हणजे वॉरंटी संपल्यावरही तुम्ही कंपनीच्याच दारात. दहा वर्षं ठेवायची असेल तर हा खर्च आत्ताच धरा.

गडवाट

सेलचा मुद्दा मला पूर्ण माहीत नव्हता, माहितीबद्दल आभार. तरी भूमिका तीच. सेल तिकडून येतो म्हणून सगळंच तिकडून आणावं असं होत नाही. उद्या इथे सेल बनायला लागले तर ते वापरायला इथली गाडी कंपनी असायला हवी ना?

खाडीपूल

रास्त आहे. आणि राजकारणाचा हा धोका फक्त भावनेचा नाही, व्यवहाराचाही आहे. तळेगावचंच उदाहरण घ्या. जनरल मोटर्सने भारतात विक्री थांबवल्यावर तिथला कारखाना घ्यायला चीनच्या ग्रेट वॉल मोटरने जानेवारी २०२० मध्ये करार केला. एप्रिलमध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली, जूनमध्ये गलवान घडलं, मंजुरी आलीच नाही. २०२२ मध्ये करार संपला. पुढे तोच कारखाना ह्युंदाईने घेतला. बीवायडीने मेघा इंजिनिअरिंगबरोबर एक अब्ज डॉलरचा कारखाना मागितला, तोही २०२३ मध्ये नाकारला गेला. जेएसडब्ल्यू एमजीत आली त्यामागेही हीच अडचण आहे असं मला वाटतं.

म्हणून दोन चिनी कंपन्यांकडे एकाच नजरेने बघू नये. इथे कारखाना, इथला भागीदार आणि रस्त्यावर भरपूर गाड्या असतील तर पार्टची साखळी टिकण्याची शक्यता जास्त. जिच्या गाड्या मुख्यतः आयात होतात, ती गाडी म्हणून सरस असली तरी दोन देशांच्या संबंधांवर लटकलेली राहणार. तुमच्या बजेटमध्ये बीवायडी तशीही बसत नाही.

सेलबॅलन्स

यात अजून एक भर घालतो, चीनच्या आतल्या परिस्थितीची. तिथे किमतींचं युद्ध इतकं पेटलंय की डब्ल्यूएम मोटर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०२४ मध्ये हायफाय बंद पडली, २०२५ मध्ये नेटा. डब्ल्यूएमच्या मालकांच्या फोनवरची ॲप चालेनाशी झाली, गाड्या धडधाकट असून. नेटाच्या थायलंडमधल्या ग्राहकांनाही पार्ट-सर्व्हिसचा फटका बसला. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या गाडीत कंपनी बुडणं म्हणजे काय, हे तिथे दिसलं.

आणि घाई सुरक्षिततेवरही येते. मार्च २०२५ मध्ये आनहुई प्रांतात शाओमीच्या एसयू७ ला हायवेवर अपघात झाला, काही क्षण आधी ड्रायव्हर-सहाय्य चालू होतं, तीन मुली गेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारने "स्वयंचलित" अशा जाहिरातींना लगाम घातला आणि दाराच्या लपलेल्या हँडलवर नियम आणायला घेतले. बॅटरीने आग लागू देऊ नये, स्फोट होऊ देऊ नये असा नवा सक्तीचा नियम जुलै २०२६ पासून आहे. मला हे चांगलं लक्षण वाटतं. पण विकत घेताना ड्रायव्हर-सहाय्याच्या यादीला भुलू नका. घोडबंदरला उलट्या दिशेने येणारी बाइक कुठल्याच रडारच्या पुस्तकात नाही.

नौपाड्याचे काका

शेवटचं वाक्य प्रत्येक शोरूमच्या भिंतीवर लावावं.

कोलशेतकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना पूर्ण धागा वाचून दाखवला. देवूबद्दल काकांनी लिहिलेलं ऐकून त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्यांचा आक्षेप मुळात पार्टचाच आहे.

आता यादी तीनवर आणली आहे: विंडसर प्रो, नेक्सॉन ईव्ही आणि बीई ६ चं सुरुवातीचं व्हेरिएंट. क्रेटा इलेक्ट्रिकही बघितली, आवडली, पण हवं ते व्हेरिएंट बजेटबाहेर जातंय. तिन्हींच्या शोरूममध्ये न जाता आधी सर्व्हिस सेंटरला जाणार आणि विमावाली ताईंचा प्रश्न विचारणार. बॅटरीची "आयुष्यभर" वॉरंटी तिन्ही कंपन्या पहिल्या मालकाला देतात, पण आयुष्य म्हणजे किती वर्षं आणि कशाने रद्द होते, हे बारीक अक्षरांत आहे. ते कागद घरी आणून वाचतोय. बॅटरी भाड्याने घ्यायची किलोमीटरवारी योजना आमच्यासाठी नाही, रोजचा रस्ता मोठा आहे.

दर्जाबद्दलची शंका माझ्यापुरती मिटली. तिन्ही गाड्या चांगल्या आहेत. पार्ट आणि पॅक उघडणारा माणूस जिथे जवळ, तिथे पैसे भरणार.

गॅरेज_कळवा

बरोबर दिशा आहे. ट्रायल घ्याल तेव्हा पाच माणसं बसवून घ्या आणि सेल्समन नेईल त्या गुळगुळीत रस्त्याने जाऊ नका. गायमुख घाट चढून-उतरून या. कळव्याजवळून जाणार असाल तर गाडी माझ्याकडे आणा, रॅम्पवर चढवून तळाला पॅक किती खाली येतो आणि पुढे संरक्षक पत्रा आहे की नाही ते दाखवतो. पैसे नकोत.